गोंदण : निर्णय कोणाचा?

अंगावर काय गोंदावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. त्याची चर्चा वृत्तपत्राच्या स्तंभात कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु जी गोष्ट करण्यास अर्धा तास पुरतो आणि जी आयुष्यभर बाळगावी लागते, तिचा निर्णय कोणी आणि कसा घ्यावा हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

टॅटू हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे असे मानणाऱ्यांनी जुन्या पिढीतील स्त्रियांचे हात आठवावेत. मनगटावरची तुळस, हनुवटीवरचा ठिपका, दंडावरचा विंचू ही खेड्यापाड्यांतील लेणीच होती. सोने चोर नेतो, सावकार नेतो. गोंदण तेवढे सरणापर्यंत सोबत येते, ही त्यामागची श्रद्धा. त्यातील सौंदर्य मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. हे लेणे पुष्कळदा अजाण वयात, मुलीला धरून बसवून चढवले जाई. निर्णय वडीलधाऱ्यांचा, वेदना मात्र तिची. तुला हे हवे आहे का, असे तिला कोणी विचारीत नसे.

हीच सुई सत्तेच्या हाती गेली म्हणजे काय होते, याची साक्ष इतिहास देतो. ब्रिटिश अमलात बंगाल आणि मद्रास इलाख्यांत जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. १८४९ मध्ये ती प्रथा बंद झाली. पण स्वतंत्र भारतात, १९९३ मध्ये, अमृतसरला पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर ‘जेबकतरी’ हा शब्द गोंदला. दोषी पोलिसांना शिक्षा सुनावली गेली ती २०१६ मध्ये.

या पार्श्वभूमीवर आजचे तरुण-तरुणी स्वतःच्या देहाचा निर्णय स्वतः घेतात, हे पाऊल पुढचेच आहे. त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु हक्काबरोबर विचाराची जबाबदारीही येते. शाई बाह्यत्वचेच्या खाली उतरते आणि तेथील भक्षक पेशी तिचे कण गिळून बसतात. एक पेशी मेली की सुटलेले कण दुसरी उचलते, असे फ्रेंच संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. निवृत्त होणाऱ्या कारकुनाने दप्तर नव्याच्या स्वाधीन करावे, तसा हा कार्यभार शरीरात चालू राहतो. लेसरने खूण पुसता येते खरी. पण त्याला अनेक बैठका लागतात, खर्च गोंदण्याच्या कित्येक पट होतो, हिरव्या-पिवळ्या रंगांना ते सहज दाद देत नाहीत आणि कधी वणही उरतो.

भरतीच्या मैदानावर उतरणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर हे आधीच जाणून घेतले पाहिजे. भूदलाच्या नियमांनुसार कोपर ते मनगट या भागाच्या आतील बाजूस आणि तळहाताच्या पाठीमागेच गोंदण चालते. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत सलामीचा उजवा हात मोकळा असावा लागतो आणि गोंदणाच्या आकारालाही मर्यादा आहे. जत्रेत हौसेने मानेवर काढलेल्या चित्रापायी वर्षभराची तयारी वाया जाणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

तेव्हा काही अपेक्षा रास्त ठरतात. अल्पवयीनांना गोंदू नये. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नवी सुई वापरावी. दूषित सुईतून कावीळ पसरते. युरोपीय संघाने २०२२ पासून शाईतील घातक रसायनांवर कडक बंधने घातली. आपल्याकडेही गल्लोगल्लीच्या दुकानांत वापरल्या जाणाऱ्या शाईची तपासणी झाली पाहिजे. आणि ज्यांनी विचारपूर्वक गोंदून घेतले, त्यांच्या चारित्र्याची परीक्षा दंडावरील चित्रावरून घेणे शिक्षकांनी, वरिष्ठांनी आणि मुलाखत घेणाऱ्यांनी सोडून द्यावे.

तरुणांना सांगणे एवढेच की मनात आलेले चित्र आधी वर्षभर कागदावर राहू द्यावे. वर्षानंतरही ते तितकेच आपले वाटले, तर खुशाल गोंदावे. आजीला नकाराची मुभा नव्हती आणि विचाराला अवधीही नव्हता. नातीला दोन्ही लाभले आहेत. ते तिने घाईत उधळू नयेत.