मस्टँगची छोटी पुली आणि फाटकावरची वीस मिनिटं

जालंधरला पोस्टिंग असताना रविवारची सुट्टी मिळाली की मी एका गॅरेजमध्ये जाऊन बसायचो. गॅरेजचे मालक आमच्याच ईएमईमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले सरदारजी. मी त्यांना उस्ताद म्हणायचो, ते मला 'मराठे' म्हणून हाक मारायचे. चहा फुकट आणि हात काळे करायला मोकळीक, एवढ्यावर माझा रविवार मजेत जायचा.

एका रविवारी तिथे फोर्ड मस्टँग आली. 2016 साली ही गाडी भारतात अधिकृतपणे आली तेव्हाची, 5 लिटरची व्ही-8, सुमारे 400 अश्वशक्तीची. मालक जेमतेम पंचवीस वर्षांचा, बड्या जमीनदाराचा मुलगा. उस्ताद त्याला 'काका' म्हणायचे. आपल्याकडे काका म्हणजे वडिलांचा भाऊ, पंजाबीत काका म्हणजे पोरगा. हे कळायला मला थोडा वेळ लागला. काकाच्या कॅनडातल्या मामानं एक खोकं पाठवलं होतं. आत एक चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची पुली आणि थोडा आखूड पट्टा. खोक्यावर लिहिलेलं: 15 अश्वशक्ती जास्त. हीच ती अंडरड्राइव्ह पुली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ही पुली लावू नये. आणि हे मी कुठे वाचून सांगत नाही. ती पुली त्या गाडीला मीच बसवली होती.

ज्यांना इंजिनाची सवय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला एक पुली असते. तिच्यावरच्या पट्ट्यानं पाण्याचा पंप, अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर ही मंडळी फिरतात. त्यांना फिरवायला इंजिनाचीच ताकद लागते. क्रँकवरची पुली लहान केली की ही सगळी हळू फिरतात, कमी ताकद खातात आणि उरलेली चाकांकडे जाते. आमच्या हातातली पुली मूळ पुलीपेक्षा पाव हिश्शानं लहान होती. कागदावर हिशोब बिनचूक.

पण हा हिशोब कुठल्या गाडीचा आहे ते बघा. ही युक्ती लोकप्रिय झाली ती अमेरिकेत, 1980 आणि 90 च्या दशकांतल्या 5 लिटर मस्टँगवर. त्या इंजिनात पट्ट्यावर पाण्याचा पंप होता, स्टिअरिंगचा तेलाचा पंप होता आणि धुराचं प्रदूषण कमी करण्यासाठी हवेचा वेगळा पंपही होता. खाणारी तोंडं जास्त, म्हणून बचतही दिसण्याइतकी. शिवाय त्या इंजिनात पुली वेगळी आणि कंपन शोषणारा डँपर वेगळा. चार बोल्ट काढायचे, पुली बदलायची. डँपर जागच्या जागी.

काकाच्या मस्टँगमध्ये यातलं काय उरलं होतं? मस्टँगचं स्टिअरिंग 2011 च्या मॉडेलपासून विजेवर चालतं. तेलाचा पंप गेला, हवेचा पंपही गेला. म्हणजे जी बचत पुलीनं करायची, तिचा मोठा भाग कंपनीनं कारखान्यातच करून ठेवला होता. लेहला दिलेला कोट जैसलमेरला घालून फिरावं तसं हे झालं. कोटात दोष नाही, पोस्टिंग बदललं.

आता उरलेल्या दोघांचा हिशोब. अल्टरनेटर किती ताकद खातो हे त्याच्या वेगापेक्षा गाडी किती वीज मागते त्यावर ठरतं. 14 व्होल्टवर 70 अँपिअर म्हणजे साधारण एक किलोवॉट. घट धरून समजा दोन अश्वशक्ती. हळू फिरवला तरी दिवे, पंखे, एसीचा ब्लोअर तेवढीच वीज मागणार. तिथे वाचत जवळपास काहीच नाही.

पाण्याच्या पंपाचं तसं नाही. त्याला लागणारी ताकद वेगाच्या घनानं बदलते. वेग पाऊण केला तर ताकद 0.75 गुणिले 0.75 गुणिले 0.75, म्हणजे 0.42. निम्म्याहून कमी! खोक्यावरचा आकडा इथून येतो. पण हाच घन उलटा लावून बघा. 6500 आरपीएमला पंप 100 खात असेल तर 2000 आरपीएमला तो फक्त 3 खातो. आपण रस्त्यावर बहुतेक वेळ 2000 च्या आसपासच असतो. त्या तिनातलं निम्मं वाचवून कुणाचं भलं होणार? बचत आहे ती लाल रेघेजवळ. जालंधरच्या रस्त्यावर लाल रेघ दिवसातून किती सेकंद गाठता येते ते तुम्हीच ठरवा.

हे सगळं मला त्या दिवशीही ठाऊक होतं. मी बोललोही. काका हसला, म्हणाला, "अंकलजी, मामाजी ने भेजा है, लगा तो दो." उस्ताद माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर व्ही-8 इंजिनाला हात लावायची संधी मला सोडवेना. आयुष्य जिप्सी आणि स्टॅलियनखाली उताणं पडून गेलेलं. मी पाना उचलला.

मूळ पुली काढून बाकावर ठेवली आणि दोन्ही शेजारी शेजारी बघितल्या. मूळ पुली जड होती. आतला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबराचा थर. नवी पुली हलकी, एकसंध, रबराचा पत्ता नाही. म्हणजे आम्ही पुली बदलत नव्हतो, डँपरच काढून टाकत होतो.

रबराचा हा थर शोभेसाठी नसतो. सिलिंडरमध्ये प्रत्येक स्फोट झाला की क्रँकशाफ्टला पीळ बसतो आणि तो लगेच सुटतो. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण व्ही-8 मध्ये एका फेऱ्यात चार वेळा. ठराविक वेगांना हे पीळ एकावर एक चढतात, जसा झोपाळ्याला नेमक्या क्षणी धक्का देत गेलं की तो उंच जातो. रबरावरची जड कडी या पिळाच्या उलट ओढते आणि त्याला शांत करते. ती काढली की सगळी थरथर शाफ्टवर, बेअरिंगवर आणि पुढच्या टोकाला बसलेल्या भागांवर. आणि या इंजिनात ऑइल पंप नेमका क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरच बसवलेला असतो. त्याचा गिअर तुटला तर तेलाचा दाब शून्यावर, आणि हमरस्त्यावर भर वेगात इंजिन जॅम.

मला हे दिसलं आणि मी गप्प बसलो. पुली बसवली, पट्टा चढवला, बोल्ट टॉर्क रेंचनं कसला. इंजिन पहिल्या खेपेला सुरू झालं. काका एक फेरी मारून आला आणि म्हणाला, जमीन-आसमानाचा फरक आहे. हलक्या पुलीनं इंजिन थोडं चटकन फिरतं, ते खरं. बाकीचा फरक मामाच्या प्रेमाचा.

जूनमध्ये एका दुपारी उस्तादांचा फोन आला. काका आईला घेऊन नातेवाइकांकडे निघाला होता. रेल्वे फाटक बंद. बाहेर 44 अंश, एसी पूर्ण जोरात, इंजिन जागेवर चालू. वीस मिनिटं. आता साखळी बघा. रेडिएटरचा पंखा विजेवर, वीज अल्टरनेटरवर, अल्टरनेटर पट्ट्यावर आणि पट्टा आमच्या छोट्या पुलीवर. जागेवर चालणाऱ्या इंजिनाचे फेरे आधीच जेमतेम सातशे. त्यात अल्टरनेटर पाव हिश्शानं मंद. वीज पुरेना, बॅटरीचा लाल दिवा लागला. पाण्याचा पंपही मंद, तापमानाचा काटा वर चढला. इंजिन वाचवायला गाडीनं स्वतःच एसी बंद केला. काकानं घाबरून इंजिन बंद केलं, ब्लोअर मात्र चालू ठेवला. फाटक उघडलं तेव्हा गाडी सुरू होईना. आईला बीपीचा त्रास, काचेच्या पेटीत बसल्यासारखी अवस्था. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं स्वतःच्या बॅटरीला केबल लावून 400 अश्वशक्तीची मस्टँग सुरू करून दिली.

आईंना काही झालं नाही, इंजिनही वाचलं. पुढच्या रविवारी मी ती पुली काढली, मूळ पुली नव्या बोल्टनं बसवली आणि काकाला रबराच्या थराची गोष्ट सांगितली. त्यानं विचारलं, "आपने उस दिन क्यों नहीं बताया?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. उस्ताद एवढंच म्हणाले, "मराठे, गाड़ी को दौड़ना भी है और खड़ा भी रहना है."

फौजेत दात आणि शेपूट अशी भाषा आहे. लढणारे ते दात. रसद, दवाखाना, वर्कशॉप ही शेपूट. मी जन्मभर शेपटीतला माणूस. शेपूट कुठे लांबली असेल तर ती कापावीच, पण आधी ती काय पेलते आहे ते बघून. आमच्या ड्रायव्हरांना रोज फर्स्ट परेडला फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबून बघायला शिकवतात. वाळवंटात तो पट्टा तुटला की पुढची तोफ आणि मागचा डबा दोन्ही एकाच जागी थांबतात. पट्ट्यावर लटकलेल्यांना फुकटे समजणं ही चूक मी तरी करायला नको होती.

उलट बाजूही सांगायला हवी. ड्रॅग रेसला, जिथे पाव मैल एका दमात संपतो, किंवा ट्रॅकवर, जिथे इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत असतं, तिथे अंडरड्राइव्ह पुलीला अर्थ आहे. तिथे पंप आणि अल्टरनेटर गरजेपेक्षा जास्त जोरात फिरत असतात, त्यांना आवरलेलं बरंच. पण त्या गाडीत एसी लावून कुणी फाटकावर उभं राहत नाही.

तुमच्या पोरानं, पुतण्यानं असं खोकं आणलंच तर तीन गोष्टी विचारा. मूळ पुलीत डँपर आहे का, आणि नव्या पुलीत तो आहे का? पट्ट्यावर खरोखर कोणकोण आहे? आणि गाडी उन्हाळ्यात किती वेळ उभी राहते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "आहे, पण नव्यात नाही" असं आलं तर खोकं बंद करा. आणि पाना तुमच्या हातात असेल तर माझ्यासारखे गप्प बसू नका.