उन्हाचा हिशेब मोहल्ल्याला विचारा

हवामानबदलाच्या चर्चेत भिवंडीचे नाव निघते ते पावसाळ्यात. कामवारी नदीला पूर आला, तीनबत्ती बाजारात पाणी शिरले, की दोन दिवस बातम्या येतात. उन्हाळ्याची मात्र बातमी होत नाही, कारण तो यंत्रमागाच्या खोल्यांत, बंद खिडक्यांआड सोसला जातो. सुताला दमटपणा लागतो. वाऱ्याने ते कोरडे पडले की तुटते. म्हणून पत्र्याच्या छपराखाली बारा-बारा तासांच्या पाळीत कामगार वारा अडवून माग चालवतो. मजुरी विणलेल्या कापडावर मिळते, तेव्हा उकाड्याने हात मंदावले की तोटाही त्याच्याच पदरी पडतो. वेधशाळेच्या आकड्यांत यातले काही उमटत नाही. 2011 च्या जनगणनेतच सात लाखांवर गेलेल्या या शहराने उष्म्यासाठी आणि पुरासाठी पैसा आधी कुठे घालावा, हे या कामगाराला आणि नदीकाठच्या रहिवाशाला विचारूनच ठरले पाहिजे, असे आमचे मत आहे.

भिवंडीला ही रीत परकी नाही. 1970 आणि 1984 च्या दंगलींत होरपळलेल्या या शहरात 1988 नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतल्या साध्या रहिवाशांना जागा होती. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. गल्लीत काय शिजते आहे ते गल्लीला आधी कळते, आणि एरवी लहानसहान तक्रारींवर एकत्र बसणारी माणसे संकटात एकमेकांचे ऐकतात, हा त्या प्रयोगाचा आधार होता. कोणत्या गटारातून पाणी उलटे फिरते आणि कोणत्या खोलीत अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, हेही गल्लीलाच आधी ठाऊक असते. पण त्या समित्या एका अधिकाऱ्याच्या जिद्दीवर उभ्या राहिल्या आणि पैशावर त्यांचा अधिकार नव्हता. आता तो हवा. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवर वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या दिल्या आहेत; महाराष्ट्राच्या कायद्याने त्यांत स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींनाही वाव ठेवला आहे. अंदाजपत्रकाचा ठरावीक हिस्सा या समित्यांनी मोहल्ला सभा घेऊन ठरवावा. जून 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. सामान्य माणसाला सांगायला नगरसेवकाचे दारही उरले नव्हते. ती पोकळी पुन्हा परवडणारी नाही.

हे काम तज्ज्ञांचे आहे, असे म्हटले जाईल. 2010 च्या भीषण उन्हाळ्यानंतर अहमदाबादने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, तो तज्ज्ञांच्या मदतीनेच. किती तापमानाला इशारा द्यायचा, हे त्यांनीच सांगावे. पण आधी मागांच्या छपरांना उष्णता परतवणारा रंग द्यायचा की नाक्यांवर सावली आणि पाणी पुरवायचे, ही निवड आहे, आणि ती सोसणाऱ्याची आहे. लोक गटारे आणि पेव्हर ब्लॉकच मागतील, या शंकेत तथ्य आहे. पुण्यात 2006 पासून चाललेल्या नागरिकांच्या अंदाजपत्रकात मागण्या बहुधा अशाच लहान कामांच्या असतात. त्यावर उपाय म्हणजे पुराचे नकाशे आणि उष्म्याची माहिती आधी लोकांपुढे ठेवावी, मते मग मागावीत. सर्वांत कठीण आक्षेप वेगळाच आहे: उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेल्या अनेक कामगारांची नावे इथल्या मतदारयादीत नाहीत. नेमक्या याच कारणाने मतपेटी पुरेशी ठरत नाही. सभेचा हक्क कामाच्या जागेवरून द्यावा, वेळ पाळी बदलतानाची ठेवावी, बोलणे हिंदी, उर्दू, तेलुगू, मराठीत व्हावे. सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ देण्याच्या कारखान्यांतल्या, बॉयलरच्या धुराचा प्रश्न निघाला की रोजगार जाईल, अशी भीती मालक घालतील. मोजके माग असलेला मालक स्वतः कर्जात असतो, त्यामुळे ती भीती अगदी खोटीही नाही. म्हणून छपराचा आणि बॉयलरचा खर्च कोणी किती उचलायचा, हा प्रश्न मालकांना समोर बसवूनच सोडवावा लागेल.

पुढचे अंदाजपत्रक मांडण्याआधी महापालिकेने प्रत्येक प्रभागात अशी एक सभा घ्यावी. वाचकांना आमची विनंती आहे की दिवाळी आटोपताच ही मागणी आपल्या प्रभाग कार्यालयात लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.