आपले गाऱ्हाणे लोकसभेत कसे पोचते?



निवडणूक आटोपली की "खासदार गेले दिल्लीला, आता पाच वर्षे कोण विचारतो!" असे म्हणून आपण नांगराला लागतो. पण दिल्लीत एका कायद्यातली तारीख बदलली म्हणून आपल्या जव्हार-मोखाड्यातल्या वनजमिनी कसणाऱ्यांची वाट मोकळी झाली, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक आहे. आज तीच सांगतो.

वनजमिनीवर नाचणी-वरई पिकवून पोट भरणाऱ्यांना हक्क देण्याचे विधेयक 13 डिसेंबर 2005 रोजी लोकसभेत मांडले गेले. त्यात अट होती, की 25 ऑक्टोबर 1980 पूर्वीपासून जो जमीन कसतो त्यालाच हक्क मिळेल, तोही एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच हेक्टर. आता सांगा, 1980 सालचा पुरावा डोंगरातल्या पाड्यावर कोण जपून ठेवतो? कुडाच्या घरात एका पावसाळ्यात कागदाचा लगदा होतो.

विधेयक तसेच पुढे गेले नाही. लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांच्या खासदारांची एक संयुक्त समिती नेमली गेली. किशोरचंद्र देव तिचे अध्यक्ष होते. समितीने लोकांची निवेदने घेतली, संघटनांचे म्हणणे ऐकले आणि मे 2006 मध्ये अहवाल दिला, की 1980 ची तारीख काढा, 13 डिसेंबर 2005 ही धरा. डिसेंबर 2006 मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला तो याच नव्या तारखेने, आणि अडीच हेक्टरांचे चार हेक्टर झाले. बाहेर मोर्चे निघाले, धरणी झाली, त्यांचा जोर होताच. पण जुनी तारीख खोडली गेली ती सभागृहाच्या आत, खासदारांच्या हातून. ज्यांच्या घरात आज वनपट्टा आहे त्यांनी तो एकदा या नजरेने पाहावा.

आता आपल्या कामाचे. कोणते गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे, इथेच बहुतेकांची गफलत होते. शेती, पाणी, दवाखाना हे विषय मुख्यतः राज्याचे आहेत. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. हे दुखणे मोठे खरे, पण त्याची पहिली जागा विधानसभा. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके विक्रमगड विधानसभा मतदारसंघात येतात, तेव्हा तिथल्या आमदारांना गाठावे. वनकायदा, राष्ट्रीय महामार्ग, टपाल, पंतप्रधान पीक विमा यांचा धागा दिल्लीला बांधलेला आहे. त्यासाठी पालघरचे खासदार.

खासदारांच्या हातात साधने बरीच असतात. सकाळी अकरा ते बारा प्रश्नोत्तराचा तास. त्यात रोज 20 तारांकित प्रश्न लागतात. त्यांचे उत्तर मंत्र्यांनी उभे राहून द्यायचे आणि वर उपप्रश्नही सोसायचे. 230 पर्यंत अतारांकित प्रश्न असतात, त्यांचे उत्तर लेखी मिळते. प्रश्नाची सूचना किमान 15 दिवस आधी द्यावी लागते. दुपारी शून्य प्रहर असतो, त्यात तातडीची बाब मांडता येते. नियम 377 खाली थोडक्या शब्दांत लिहून आणलेला विषय मांडता येतो. आणि हे सगळे मराठीतही बोलता येते बरे का, दुभाष्याची सोय तिथे आहे.

वर्तमानपत्रात फोटो येतो तो शून्य प्रहरातल्या भाषणाचा. मला विचाराल तर मी अतारांकित प्रश्नाला जास्त मोल देईन. शून्य प्रहरात मंत्र्यांवर लगेच उत्तर देण्याचे बंधन नसते. लेखी उत्तर मात्र सभागृहाच्या दप्तरी राहते. ते हातात घेऊन तहसील कचेरीत विचारता येते, "साहेब, दिल्लीत असे सांगितले आहे, इथे मग असे का?" मंत्र्यांनी "करू", "तपासून पाहू" असे आश्वासन दिले, तर ते तीन महिन्यांत पुरे झाले की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते.

सरकारी नोकरीत असल्याने आतली एक गोष्ट सांगतो. आपल्या तालुक्यावर प्रश्न लागला की मंत्रालयातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून तालुक्याला धडाधड फोन येतात. रजा रद्द होतात, कपाटातली फाइल टेबलावर येते. उत्तर काय जाईल ते जावो, फाइल मात्र जागी होते.

पण प्रश्न नेमका असावा लागतो. "आमच्यावर अन्याय होतो" एवढ्या निवेदनावर खासदारांना काही विचारता येत नाही. समजा, वनहक्काचे दावे अडले आहेत. मग गावाचे नाव, ग्रामसभेने दावे कधी मंजूर केले, उपविभागीय समितीकडे कधी पाठवले, किती दावे पडून आहेत, किती नाकारले आणि नाकारल्याचे कारण लेखी दिले की नाही, हे सारे एका पानात लिहावे. सोबत ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडावी. कागद हाती देताना पोच घ्यायला लाजू नये. दावा नाकारल्याचे पत्र आले असेल तर खासदारांच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. अपिलाची मुदत 60 दिवसांची असते आणि ती संसदेसाठी थांबत नाही.

एक अडचण आपल्या मुलखाची. संसदेचे हिवाळी अधिवेशन बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात भरते, आणि दिवाळी झाली की आपली निम्मी गावे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर निघून जातात. ग्रामसभेला मग माणसेच नसतात. म्हणून भात कापणीच्या आधीच ग्रामसभा घ्या, ठराव करा आणि निवेदन खासदारांच्या कचेरीत पोचते करा. भट्टीवर जाताना पोच आणि ठरावाची नक्कल गावात मागे राहणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाकडे ठेवून जा, म्हणजे उत्तर आले तर घेणारा कोणी असेल.