लॅप्स

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीपरी बाजारात आमच्याच कंपनीतला साताऱ्याचा एक जवान भेटला. स्टेशनवर तिकीट रद्द करून परतत होता. चहा घेताना म्हणाला, "साहेब, बारा दिवसांची सी. एल. लॅप्स झाली." आईच्या वर्षश्राद्धाला जायचं होतं त्याला. मी काय बोलणार? त्याचा अर्ज परत गेला तेव्हा त्यावर सही माझीच होती.

हा शब्द मूळचा लॅटिन. 'लाबी' म्हणजे घसरणं, निसटणं. त्यावरून 'लाप्सुस', म्हणजे घसरण. कोलॅप्स, रिलॅप्स ही त्याचीच भावंडं. इंग्रजी कायद्यात त्याचा अर्थ झाला, वेळेत न बजावलेला किंवा घेणारा न उरलेला हक्क आपोआप निसटून जाणं. म्हणजे हिसकावलं कुणीच नाही!

याच शब्दानं झाशी गेली. २० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधररावांनी इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष दत्तक घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. विधी झाला होता, मुलगा होता, राणी होती. तरी १८५४ मध्ये डलहौसीनं संस्थान लॅप्स झालं असं ठरवलं. या जवानाचा सातारा त्याआधीच, १८४८ साली, त्याच वाटेनं गेला होता. आपण शाळेत मात्र 'संस्थानं खालसा केली' असं शिकलो. 'केली' म्हटलं की 'कुणी?' असं विचारता तरी येतं.

फौजेत जवानाच्या हातून चूक झाली तरी शब्द हाच. त्या लॅप्सपुढे नंबर, रँक, नाव, सगळं लिहिलेलं असतं. रजेच्या रकान्यातल्या लॅप्सपुढे कुणाचंच नाव नसतं.

माणसं कमी होती, हे खरं. त्याला सोडणं मला जमलं नसतं, आजही जमणार नाही. पण मग तसं लिहावं: 'रजा दिली नाही', कारण, आणि खाली सही. निवृत्त मंडळी हसतील, सुभेदार आता शब्दावर अडून बसला म्हणतील. बसलोय खरा.

चहाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत. जानेवारीत रजेवर जाणाऱ्यांत त्याचं नाव पहिलं घातलंय. श्राद्धाची तिथी तोवर उलटून गेलेली असेल.