एक एकराची शाळा

खरिपाच्या तोंडावर गावात शेतीशाळा भरते तेव्हा सतरंजीवर बहुतेक पुरुष बसलेले असतात. चाड्यावर मूठ धरणारी, खुरपणी करणारी, कापूस वेचणारी बाई त्या वेळी कुणाच्या तरी रानात वाकलेली असते. बियाण्याला प्रक्रिया कशी करायची हे ऐकतो एक आणि ती करायची असते दुसरीने. संयुक्त राष्ट्रसंघाने 2026 हे महिला शेतकऱ्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे. त्या निमित्ताने महाराष्ट्राने निदान ही चूक दुरुस्त करावी.

दुरुस्ती कशी होते, हे मराठवाड्याने दाखवले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली. त्यानंतर घरे पुन्हा उभी राहताना गावोगावच्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमण्यात आले. सरकारी योजना घराघरांत समजावून सांगणे आणि लोकांच्या अडचणी कचेरीत पोहोचवणे, हे त्यांचे काम. बाई चारचौघांत बोलू लागली, ती तिथे. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ने तो धागा तुटू दिला नाही. पुढे दुष्काळ एकामागून एक आले, सोयाबीन हातचे गेले, तेव्हा या बायांनी घरात मागणी केली: सगळे रान नको, अर्धा-एक एकर माझ्या विचाराने करू द्या. त्यात बाजरी, मूग, उडीद, तूर, भाजीपाला. खत घरच्या शेणाचे, पाणी बेताचे. आधी घरचे ताट भरायचे, उरले ते बाजारात. या संस्थेला 2017 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

या प्रयोगाचे मर्म पिकांपेक्षा शिकवण्याच्या रीतीत आहे. मागणी एका एकराची, म्हणून नवऱ्याला धोका कमी वाटला. आणि शिकवणारी शेजारच्या गावातली, स्वतः कसणारी. तिचे रान जाऊन बघता येते, आपले कुठे चुकले ते तिला न लाजता विचारता येते. छापील पत्रकाला प्रश्न विचारता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाण्यांची त्यांची पारख एवढी पक्की की 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशा शिक्षिका राज्यभर आहेत. त्यांना व्याख्यात्याचा मान आणि दिवसाचे रास्त मानधन देणे, एवढेच बाकी आहे.

अक्षरओळखही लागतेच, पण तिला निमित्त हवे. म्हसवडला चेतना सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचे ठरवले तेव्हा प्रवर्तक बाया निरक्षर म्हणून परवाना नाकारला गेला. त्या बाया लिहायला-वाचायला शिकल्या, व्याजाचा हिशेब आपल्याला तोंडी येतो हे त्यांनी रिझर्व्ह बँकेला सांगितले आणि 1997 मध्ये माणदेशी बँक उभी राहिली. गरज होती, म्हणून अक्षर गिरवले गेले.

मात्र शिकलेल्या, गटात बांधल्या गेलेल्या बाईची वाटही सातबाऱ्याशी येऊन अडते. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायांचे प्रमाण जेमतेम 14 टक्के होते. पीककर्ज, विमा, अनुदान या सगळ्यांना खातेदार लागतो. नवरा गेल्यावर नाव चढवण्यासाठी सासरच्यांची मनधरणी करावी लागणाऱ्या विधवा विदर्भ-मराठवाड्यात काही थोड्या नाहीत. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला शेतकरी बायांचे विराट अधिवेशन भरवले, मग ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली आणि शेकडो गावांतल्या पुरुषांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. पतीच्या अर्जावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सरकारी तरतूदही 1992 पासून आहे. ती ठाऊक किती घरांना आहे?

म्हणून आमची मागणी नेमकी आहे. शेतीशाळेतल्या निम्म्या जागा बायांच्या असाव्यात. ती दुपारच्या विसाव्याच्या वेळी, बाईला पायी जाता येईल अशा जागी भरावी आणि शिकवायला पंचक्रोशीतलीच एखादी कसणारी बाई असावी. पहिल्या दिवशी नवऱ्यांनाही बोलवावे, तलाठ्यांनी हजर राहावे आणि सहधारक नोंदीचे अर्ज तिथेच, सतरंजीवर बसून भरून घ्यावेत.