मागच्या जन्मीचं उत्तर

आमच्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात या प्रश्नाला 'अनिष्टाची समस्या' असं नाव होतं. अमरावतीला बी.ए. करताना (मराठी माध्यम, साल १९७२) हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा आणि आम्ही मुली तो पाठ करून जायचो. देव सर्वशक्तिमान आहे, देव दयाळू आहे, आणि जगात दुःख आहे. ही तिन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी? हा पेच एपिक्यूरसच्या नावावर सांगतात, ह्यूमनं तो अठराव्या शतकात पुन्हा मांडला. पुढे चार-पाच उत्तरं, प्रत्येकावर एक-दोन आक्षेप, झाली दोन पानं.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण लिस्बनचं. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, माणसं सकाळी चर्चमध्ये जमलेली आणि भूकंप झाला. व्हॉल्तेअरनं त्यावर आधी कविता लिहिली, मग १७५९ मध्ये 'कांदीद'. आपल्याला मात्र लिस्बनपर्यंत जायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवा. अनंत चतुर्दशी आटोपून, गणपती बोळवून लोक झोपले होते, आणि किल्लारी-सास्तूर भागात सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्येही कुणीतरी म्हणालंच, "तिथं काहीतरी पाप घडलं असेल." प्रत्यक्षात दगडमातीच्या जड भिंती कोसळल्या आणि हलक्या झोपड्या बऱ्याच तगल्या. म्हणजे पापाचा हिशेब भिंतीच्या जाडीवरून होतो म्हणायचा!

आता मुद्द्यावर येते. हे वाचणाऱ्यांत आमचे नातेवाईकही आहेत, आणि त्यातल्या एक-दोघांना राग येईल. येऊ द्या. अकोल्याला माझ्या भाच्याचा मुलगा आहे, अडीच वर्षांचा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. मान अजून नीट धरत नाही, हसतो मात्र सगळ्यांकडे बघून. मागच्या महिन्यात तिथे गेले होते, तेव्हा घरातल्याच एका वडीलधाऱ्या व्यक्तीनं त्याच्या आईसमोर सांगितलं की हे मागच्या जन्मीचं आहे, भोगून संपवावं लागतं. बोलणं मायेनंच होतं, आवाजही हळू होता. ती काही बोलली नाही. रात्री भांडी विसळताना मला म्हणाली, "आत्या, माह्या लेकरानं असं काय केलं असन हो?" (तिला विचारूनच हे लिहिते आहे.)

कर्माचं उत्तर मी टाकाऊ समजत नाही. उलट आपल्या लोकांनी हा प्रश्न टाळला नाही, याचा मला अभिमान आहे. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा आक्षेप सरळ घेतलेला आहे: कुणी सुखी, कुणी दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? सूत्रकाराचं उत्तर असं की ठरत नाही, कारण तो प्राण्यांच्या कर्माला धरून निर्मिती करतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्या पिकांना सारखाच. कुठे भात उगवतो, कुठे जव, तो फरक बियाण्याचा. दाखला सुंदर आहे. पण वऱ्हाडात, कोरडवाहू कापूस पेरणाऱ्याला, 'पाऊस सगळ्यांना सारखा' हे सांगून पाहा बरं! एकाच थैलीतलं बियाणं, धुऱ्याच्या अलीकडे पाऊस आला, पलीकडे आला नाही, आणि पलीकडच्यावर दुबार पेरणीची पाळी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ज्याचा जन्म झाला, त्याच्या विहिरीचं पाणीच खारट. आचार्यांना तर्कानं हरवायला मी बसलेली नाही, एवढी माझी पोच नाही. पण दाखला जिथून घेतला, तिथलंच वास्तव त्याला साथ देत नाही, एवढं तर दिसतंच.

पुढच्याच सूत्रात आणखी एक आक्षेप आहे. पहिल्या निर्मितीच्या वेळी कुणाचं कर्म कुठे होतं? उत्तर येतं, संसार अनादी आहे, त्याला पहिलं असं काही नाहीच. इथे मला वाटतं, प्रश्न सुटत नाही, तो मागे मागे सरकत जातो. या जन्माचं कारण मागच्यात, त्याचं त्याच्या मागच्यात. अनादी म्हटलं की मोजायला सुरुवातच नाही.

आणि एक साधी गोष्ट, जी छत्तीस वर्षं वर्गावर काढलेल्या कुठल्याही शिक्षकाला कळेल. शिक्षा करायची तर गुन्हा सांगावा लागतो. पोरगं विचारतं, "बाई, मी काय केलं?" त्याला जर म्हटलं की दहा वर्षांपूर्वी याच बाकावर कुणीतरी जे केलं त्याची ही शिक्षा, आणि तो तूच होतास, तुला आठवत नाही एवढंच, तर त्याचे पालक दुसऱ्या दिवशी शाळेत येतील, आणि बरोबरच करतील. ज्याला अजून 'आई' म्हणता येत नाही, त्याला न आठवणाऱ्या अपराधाची शिक्षा, आणि ती देणारा दयाळू? माझ्या शाळेत मी असं होऊ दिलं नसतं.

मोठ्या माणसांनाही हा मोह होतो. जानेवारी १९३४ मध्ये बिहारला भूकंप झाला, तेव्हा गांधीजी म्हणाले की ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे. अस्पृश्यतेबद्दलची त्यांची तळमळ खरी, पण रवींद्रनाथांनी लगेच विरोध केला, आणि गांधीजींनी तो आपल्या 'हरिजन'मध्ये उत्तरासकट छापला. (आज असं कोण छापेल?) मी या वादात रवींद्रनाथांच्या बाजूची. चांगल्या कामासाठी वापरला तरी तर्क तोच राहतो. आज तुम्ही भूकंपातून अस्पृश्यतेचं पाप वाचलंत, उद्या दुसरा कुणी त्याच भूकंपातून अस्पृश्यता मोडल्याचं पाप वाचेल.

आता स्वतःच्या दुःखाबद्दल कुणी हे उत्तर स्वीकारलं, तर गोष्ट वेगळी. आपल्या जिल्ह्यातले गुलाबराव महाराज घ्या. १८८१चा जन्म, नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि तेवढ्यात शंभरावर ग्रंथ, दुसऱ्यांकडून वाचून घेऊन आणि दुसऱ्यांना सांगून लिहवलेले. ते वेदान्ती. असा माणूस स्वतःच्या अंधत्वाला प्रारब्ध म्हणाला, तर मी हात जोडीन. तो त्याचा अधिकार, त्याला त्यातून बळ मिळत असेल. डोळे शाबूत असलेल्यानं आंधळ्याला तेच सांगणं म्हणजे त्याच्या दुःखावर आणखी एक आरोप ठेवणं. शब्द तेच आहेत, बोलणारा बदलला की अर्थ फिरतो.

यात नुसतं मन दुखावण्याचाच प्रश्न असता, तर मी एवढं लिहिलं नसतं. कर्माचं उत्तर मिळालं की माणूस कारण शोधायचं थांबतो, ही माझी खरी तक्रार. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात यादीच आहे: सोनं चोरणाऱ्याची नखं खराब होतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, वगैरे. कुष्ठरोगाचं तर विचारूच नका. शेकडो वर्षं तो पापाचं फळ म्हणून ठरलेला. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सननं त्याचा जंतू दाखवला. आता जंतूला कसलं आलंय पूर्वसंचित? तरीही नंतर कित्येक दशकं आपल्याकडे रोग्याला गावाबाहेर काढत राहिले, सख्खे भाऊसुद्धा. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभं केलं ते अशा टाकलेल्या माणसांसाठी. औषधं निघाली, रोग बरा होऊ लागला, पण ती जुनी समजूत कायद्यातसुद्धा टिकून होती. कुष्ठरोग हा घटस्फोटाचा आधार होता, तो काढून टाकायला २०१९ साल उजाडलं! म्हणजे जंतू सापडल्यावर एकशे सेहेचाळीस वर्षांनी.

गाडगेबाबा तर आपल्याच शेंडगावचे. संसारात त्यांनी मुलाचं मरणही पाहिलं. पण त्यांच्या कामात दुःखाचा उगम कुठल्या जन्मात, ही चौकशी मला दिसत नाही. दिसतो तो खराटा, दिसतात धर्मशाळा. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. तिथे खोली देताना कुणाचं मागच्या जन्मीचं खातं बघत नाहीत.

मग बाई, तुम्ही नास्तिक झालात की काय, असं कुणी विचारेल. नाही झाले. अमरावतीला तत्त्वज्ञान शिकवलेले प्रा. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये नागपूरहून 'नवा सुधारक' सुरू केला, तोच पुढे 'आजचा सुधारक' झाला. नावातच आगरकर. (आगरकरांची मॅट्रिक अकोल्याची, हे आपल्या लोकांना सांगावं लागतं, काय म्हणावं!) दि. यं.च्या विवेकवादाला मी माझ्यापुरतं पूर्ण उत्तर देऊ शकत नाही, तरी संध्याकाळी देवापुढे दिवा लावते. त्या तीन विधानांतलं कुठलं सोडायचं, हे माझं अजून ठरलेलं नाही. कधी वाटतं देव दयाळू आहे पण सर्वशक्तिमान नाही, आपल्यासारखाच हतबल होऊन बघत असेल. हे शास्त्राला धरून नाही, ठाऊक आहे मला. पण देवाची बाजू सावरण्यासाठी अडीच वर्षांच्या पोराला गुन्हेगार ठरवायचं असेल, तर तशी वकिली मी करणार नाही. देवालाही ती नको असावी.

अकोल्याला जाणाऱ्यांना एक सांगते. त्या घरी गेलात तर पत्रिकेचा विषय काढू नका. व्यायाम कोणते चाललेत ते विचारा, आणि जमलं तर तासभर पोराला सांभाळा, म्हणजे त्याच्या आईला झोप मिळेल.

आणि ज्यांना ब्रह्मसूत्रावर माझ्याशी भांडायचंय (भाऊजी, तुम्हीच!), त्यांनी फोन दुपारी चारनंतर करावा. त्याआधी मी झोपलेली असते.