एक खोली राखून ठेवा



गेल्या महिन्यात पुण्याचं एक निवृत्त जोडपं आमच्याकडे तीन दिवस राहून गेलं. निघताना त्या बाईंनी विचारलं, "आम्हीही गावच्या घरात असं काही सुरू करावं म्हणतोय. करू ना?" रिक्षा दारात उभी होती, म्हणून "करा की" एवढंच म्हटलं. पण शिक्षिकेनं अर्धं उत्तर देऊ नये. उरलेलं इथे लिहिते.

आमचं घर मालवणपासून दहा-बारा किलोमीटर आत. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, आठ खोल्या आणि माणसं दोन. दर मे महिन्यात शाकारणी आली की आमच्या पेन्शनला भोक पडायचं. त्यात वाशांना वाळवी लागली. मुलं म्हणाली, विकून टाका. ह्यांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. 'निवास व न्याहारी' करायचं ठरलं.

मागच्या बाजूच्या तीन खोल्यांना न्हाणीघर आणि संडास जोडायचे, एवढंच काम. त्याला वर्ष लागलं. विहिरीपासून लांब सेप्टिक टाकी खणताना कातळ लागला, तिथेच फंडातले बरेच पैसे गेले. कर्ज मात्र काढलं नाही. २०१७ च्या दिवाळीत पहिले पाहुणे आले. २०२० साली टाळेबंदीत सगळं बंद पडलं, तेव्हा कर्ज नव्हतं म्हणूनच रात्री झोप लागली. तेव्हा पहिला सल्ला हाच. बँकेचा हप्ता डोक्यावर घेऊन या वयात हे करू नका.

नातेवाइकांत कुजबुज झाली, म्हातारपणी लोकांची खरकटी काढणार का? याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. आपल्या कोकणातले चाकरमानी मुंबईच्या गिरणगावात कुणाच्या हातचं जेवले? खानावळ चालवणाऱ्या बायांच्याच ना? त्या बायांना सावकारीतून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. कष्टाचे पैसे घेऊन पोटभर वाढणं यात कमीपणा कसला? फुकटच्या पाहुण्याला घावणा कडक झाला तर तो मनात ठेवतो. पैसे दिलेला तोंडावर सांगतो आणि दुसरा मागून घेतो. मला तर हा हिशेब जास्त सरळ वाटतो.

दुसरा सल्ला, स्वतः राहणार असाल तरच करा. केंद्र सरकारच्या अशा योजनेत एक ते सहाच खोल्या चालतात आणि मालकानं त्याच घरात राहायचं असतं. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. हल्ली मजले चढवून, राखणदाराच्या हाती किल्ल्या देऊन लोक शहरात बसतात. ते लॉज झालं. चालवा खुशाल, पण त्याला घर म्हणू नका.

आता तिसरं, जे त्या बाईंना दारात सांगणं जमलं नसतं.

२०१९ च्या मे महिन्यात माझ्या वन्सं न कळवता आल्या. माहेरी येताना कुणी कळवतं का? तिन्ही खोल्या भरलेल्या, त्यांची नेहमीची खोलीही त्यातच. त्या माजघरात सतरंजीवर निजल्या. सकाळी न्याहारी न घेता निघाल्या आणि जाताना म्हणाल्या, "वहिनी, पुढच्या वेळी पैसे भरून येईन." त्यानंतर त्या चतुर्थीलाही आल्या नाहीत.

तेव्हा मला राग आला होता. छप्पर आम्ही वाचवलं, कष्ट आम्ही केले, आणि वर हे ऐकायचं? आता वाटतं, त्यांचं चुकलं नव्हतं. घर कागदावर आमचं असेल, पण माहेर त्यांचं होतं. बांधकामाआधी आम्ही गवंड्याला विचारलं, ग्रामपंचायतीत विचारलं, मुलांना विचारलं. वन्संना नाही विचारलं. घर वाचवायच्या घाईत ते कुणासाठी वाचवतोय, हेच विसरलो.

म्हणून पुण्याच्या बाई, जरूर करा. पण सगळ्या खोल्या देऊ नका. एक राखून ठेवा, मे महिन्यात चार पैसे कमी मिळाले तरी चालतील. आणि वीट रचण्याआधी घरातल्या लेकीबाळींना एकदा विचारा.

आम्ही विहिरीकडची खोली गेल्या वर्षापासून पाहुण्यांना देणं बंद केलं आहे. चतुर्थीचे दिवस तर नोंदवहीत सगळेच कोरे ठेवतो. वन्सं ब्लॉग वाचत नाहीत, पण त्यांची नात वाचते. बाळा, आजीला एवढं वाचून दाखव. खाट तीच आहे, उशाला खिडकीही तीच. पेजेचा उकडा तांदूळ आणून ठेवला आहे.

कळवून येऊ नका म्हणावं.